नुसता नंबर काढून परत येऊ नका

मागच्या महिन्यात मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलं. वय ४३, घरी सासूबाई, मिस्टर नोकरीत, मुलगी बारावीला. त्या लिहितात, “ताई, सहा महिने झाले, सुईत दोरा ओवता येत नाही. डाळ निवडताना खडा हाताला लागतो, पण दिसत नाही. शेवटी मुलगीच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मला वाटलं, चाळिशी लागली, नंबर काढतील, चष्मा देतील, झालं! पण त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवून ठेवलं, मग कपाळाला दिवा बांधून डोळ्यांच्या आत बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘ब्लडप्रेशर कधी मोजलं होतं?’ मी म्हटलं, मुलीच्या बाळंतपणात. त्यावर त्यांनी चिठ्ठी दिली, की प्रेशर मोजा आणि हृदयाचीही तपासणी करून घ्या. मला म्हणाल तर काही एक होत नाही. हे म्हणतात, डोळ्यांच्या डॉक्टरला छातीतलं काय कळतंय, सगळा कमिशनचा मामला आहे. सासूबाई म्हणतात, त्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्माच्या मागे लागतात. तुम्हीच सांगा, जाऊ का नको?”

अशा पत्राला अंकातून उत्तर द्यायचं म्हणजे तोवर तीन आठवडे जायचे. मी त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, कुणाकडे जायचं ते मागाहून ठरवा. आज संध्याकाळी घराजवळच्या कुठल्याही दवाखान्यात, नाहीतर सरकारी आरोग्य केंद्रात प्रेशर तेवढं मोजून या. त्यात कुणाला कमिशन मिळायचं नाही. पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मिस्टरांच्या प्रश्नाकडे वळू या, कारण तो प्रश्न काही वेडगळ नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला छातीतलं कळतं कसं?

आपल्या अंगात रक्तवाहिन्यांचं केवढं तरी जाळं आहे. पण ते सगळं कातडीखाली आणि मांसाखाली झाकलेलं. मनगटावर निळसर शिरा दिसतात, त्यासुद्धा कातडीआडून. कुठेही चिरफाड न करता रक्तवाहिन्या उघड्या, स्वच्छ दिसाव्यात अशी शरीरात एकच जागा आहे, आणि ती म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा पडदा. त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरची बाहुली म्हणजे त्या खोलीची खिडकीच. थेंब घालून ती मोठी केली आणि आत उजेड सोडला, की केशरी-लालसर पडद्यावर केसासारख्या बारीक रोहिण्या आणि नीला झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. रोहिण्या हृदयाकडून रक्त आणतात, नीला परत नेतात. डोळ्यातली मुख्य रोहिणी मेंदूला रक्त पोचवणाऱ्या मानेतल्या मोठ्या रोहिणीच्याच फाट्यातून निघते. तेव्हा डॉक्टर बघतात डोळ्यात, पण दिसतं ते साऱ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं वागणं.

हे बघण्याचं यंत्र कसं निघालं त्याची हकीगत मोठी गमतीची आहे. १८५१ सालापर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा कुणी नीट पाहिलाच नव्हता. बाहुली काळी, आत अंधार! हेल्महोल्ट्झ नावाचे जर्मन प्राध्यापक विद्यार्थ्यांना शिकवायच्या तयारीत होते. डोळ्यात गेलेला उजेड ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं परत येतो, आणि आपण त्या वाटेत डोकं घातलं तर उजेडच अडतो, ही अडचण त्यांच्या ध्यानात आली. मग त्यांनी चष्म्याची भिंगं, काचेच्या पातळ पट्ट्या आणि पुठ्ठा जोडून एक ठिगळाचं यंत्र बनवलं आणि त्यातून पडदा दिसला. घरात पडलेल्या वस्तूंतून काहीतरी करून दाखवणाऱ्या तुम्हा-आम्हाला या गृहस्थांबद्दल आपलेपणा वाटायला हरकत नाही. आज डॉक्टरांच्या हातात असतो तो छोटा दांडीचा दिवा त्याचाच वंशज. त्यातून पडदा सुमारे पंधरापट मोठा दिसतो.

आता रक्तदाब वाढला की तिथे काय दिसतं? बागेला पाणी घालायची रबरी नळी आठवा. नवी असते तेव्हा लवचीक असते. वर्षानुवर्षं जोराचं पाणी सोडलं की ती टणक होते. रक्तदाबाचा मार सोसून रोहिण्यांच्या भिंती अशाच जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. भिंत जाड झाली की तिच्यावर पडलेला उजेड वेगळा चमकतो. डॉक्टर आधीच्या अवस्थेला तांब्याची तार म्हणतात आणि फार पुढे गेलेल्या अवस्थेला चांदीची तार. चांदी म्हटलं की आपला चेहरा खुलतो, पण ही चांदी कुणाच्या वाट्याला न येवो! आणखी एक खूण आहे. रोहिणी आणि नीला जिथे एकमेकींवरून जातात, तिथे दोघींवर एकच वेष्टण असतं. वरची रोहिणी टणक झाली की खालची मऊ नीला तिथे चिमटल्यासारखी दिसते. लंडनचे मार्कस गन नावाचे नेत्रतज्ज्ञ यांनी १८९० नंतरच्या दशकात ही खूण नोंदवली. त्यांचे हे रुग्ण मेंदूचे आणि मूत्रपिंडाचे विकार असलेले होते, हे ध्यानात घ्या. डोळ्यांपुरती गोष्ट तेव्हाही नव्हती.

दुखणं आणखी पुढे गेलं की पडद्यावर ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे डाग पडतात, कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढुरके ठिपके दिसतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे डोळ्याच्या मज्जातंतूचं टोक सुजतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या तिघा डॉक्टरांनी १९३९ साली या खुणांच्या चार पायऱ्या लावून दिल्या. त्या काळी रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. चौथ्या पायरीवर पोचलेले बहुसंख्य रोगी वर्षभरसुद्धा जगत नसत. आज औषधं आहेत, आणि चौथी पायरी दिसली तर तो त्याच घटकेला रुग्णालयात दाखल व्हायचा प्रसंग समजतात. सासूबाईंना मुद्दाम सांगा, मागे लागणारी गोळी परवडली.

तुम्ही म्हणाल, पडद्यावर एवढं रामायण घडतं तर दिसायला कमी व्हायला नको का? तीच तर गोम आहे! वाचायला, ओवायला, ओळखायला आपण पडद्याचा मधला इवलासा भाग वापरतो. तो शाबूत असला की तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते, आणि कडेच्या रक्तवाहिन्या खुशाल बिघडलेल्या असतात. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. रक्तदाबाचंही तेच. डोकं दुखलं म्हणजे प्रेशर आणि नाही दुखलं म्हणजे प्रेशर नाही, असा हिशेब पुष्कळजणी करतात, तो साफ चुकीचा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ वर्षांवरच्या दर शंभर बायकांमागे एकवीसजणींचा रक्तदाब वाढलेला तरी आढळला, नाहीतर त्यांना त्यासाठी औषध चालू होतं. म्हणजे भिशीला पाचजणी जमल्या तर त्यांत एक!

आणि बायकांच्या बाबतीत ही पडद्याची खूण जरा जास्तच बोलते. अमेरिकेत चार ठिकाणच्या साडेनऊ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या पडद्यांचे फोटो काढून पुढे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवलं होतं. ही सगळी मंडळी ५१ ते ७२ वर्षांची. २००२ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. ज्या बायकांच्या डोळ्यांतल्या रोहिण्या अरुंद होत्या, त्यांना पुढे हृदयविकार होण्याचं प्रमाण जास्त निघालं. पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. बायकांच्या हृदयविकारात मोठ्या रोहिण्यांबरोबर बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचा वाटा अधिक असावा, असं त्यावरून तज्ज्ञांना वाटतं. आपल्याकडे हृदयविकार म्हटलं की घरातला कर्ता पुरुष छाती धरून बसलेला डोळ्यांसमोर येतो. बाईला मात्र कधी जबडा नि पाठ दुखते, कधी जिना चढताना दम लागतो, मळमळतं, घाम येतो, आणि ती बापडी “पित्त झालंय” म्हणून आमसूल चघळत बसते. पाळी गेल्यानंतर तर धोका वाढतोच. ज्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढून पायांवर सूज, लघवीतून प्रथिनं जाणं असा त्रास झाला होता, त्यांनी बाळंतपण सुटलं म्हणजे सगळं सुटलं असं समजू नये. त्यांना पुढल्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो. डॉक्टरांना ती जुनी हकीगत आपण होऊन सांगावी, ते विचारतीलच असं नाही.

चाळिशीचा चष्मा कुणालाच चुकत नाही. वयाचंच नाव चष्म्याला पडलंय! नेमक्या याच वयात रक्तदाब आणि साखर दबक्या पावलांनी घरात शिरतात. एरवी स्वतःच्या तब्येतीसाठी दवाखान्याची पायरी न चढणारी बाईसुद्धा सुईत दोरा जाईना झाला की डोळे दाखवायला जाते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की त्या खेपेचा पुरता उपयोग करून घ्या. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून मिळतो, फुकट मिळतो, पाच मिनिटांत मिळतो. नंबरापुरतं ठीक आहे, पण ते यंत्र पडदा बघत नाही. पहिल्या चाळिशीच्या वेळी तरी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि “थेंब घालून पडदा बघाल ना?” असं स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका. भाजीवाल्याला चार प्रश्न विचारणाऱ्या आपण, डॉक्टरांपुढे उगाच मुक्या होतो. मधुमेह असेल तर ही तपासणी दरवर्षी हवीच, मग दिसायला कितीही स्वच्छ दिसत असो.

थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. तेव्हा त्या दिवशी स्कूटर चालवत जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या, पर्समध्ये गॉगल असू द्या. निवडणं-टिपणं, शिवण, हिशेबाची वही, सगळं आदल्या दिवशी उरकून ठेवावं. तुम्हाला काचबिंदू आहे किंवा होण्याचा संभव आहे असं कुणी पूर्वी सांगितलं असेल, तर थेंब घालण्याआधी ते आठवणीनं सांगा.

पडद्याच्या आत बघायला डॉक्टर लागतो, पण एक-दोन खुणा आरशातही दिसतात. वरच्या किंवा खालच्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, पिवळट मऊ चकत्या येतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत. बायकांना तो सौंदर्याचा प्रश्न वाटतो आणि पार्लरमध्ये चौकशी सुरू होते. ही कातडीखाली साठलेली चरबी असते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या साडेबारा हजारांहून अधिक लोकांची १९७६ ते ७८ मध्ये तपासणी करून पुढे तीसेक वर्षं त्यांची नोंद ठेवली. २०११ मध्ये छापलेल्या त्या अहवालानुसार अशा चकत्या असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता, रक्तातलं कोलेस्टेरॉल वगैरे हिशेबात धरूनही. सगळ्यांनाच होतो असं नव्हे. चकत्या असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल ठीकच असतं. पण रक्त तपासून घ्यायला ते निमित्त पुरेसं आहे. आणि कृपा करून चुना-सोडा लावून त्या जाळू नका. मस चुन्यानं जातो म्हणून पापणीवर तो प्रयोग केलात तर डोळा गमावून बसाल.

दुसरी खूण म्हणजे बुबुळाच्या कडेनं दिसणारं पांढुरकं कडं. साठी-सत्तरीत ते वयानंच येतं, आजी-आजोबांच्या डोळ्यांत पाहून घाबरू नका. डेन्मार्कच्या त्या पाहणीतही या कड्याचा हृदयविकाराशी स्वतंत्र संबंध निघाला नाही. पण पंचेचाळिशीच्या आत, तरण्याताठ्या माणसाच्या डोळ्यात ते दिसलं, तर कोलेस्टेरॉल तपासावं. काही घराण्यांत ते जन्मतःच फार असतं.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. एका डोळ्यासमोर अचानक काळा पडदा खाली उतरल्यासारखा होतो, पाच-दहा मिनिटं त्या डोळ्यानं दिसत नाही, आणि मग जसा आला तसा तो पडदा निघून जातो. दुखत काहीच नाही. बाई म्हणते, चक्कर आली असेल, उपास होता, उन्हातून आले होते. संध्याकाळी स्वयंपाकाला उभी राहते आणि घरात कुणाला सांगतही नाही. मैत्रिणींनो, मानेतल्या रोहिणीत साठलेल्या चरबीचा किंवा गुठळीचा कण सुटून डोळ्याच्या रोहिणीत अडकला आणि पुढे सरकला, की असं होतं. कधी तो कण हृदयातून सुटलेला असतो. १९६१ मध्ये मेयो क्लिनिकच्याच हॉलेनहोर्स्ट या डॉक्टरांनी पडद्यावरच्या रोहिण्यांत असे चकचकणारे पिवळे कण दाखवून दिले. आज डोळ्यात गेला तो कण उद्या मेंदूत जाऊ शकतो, आणि मग अर्धांगवायू. तेव्हा दिसायला लागलं म्हणून थांबायचं नाही. त्याच दिवशी, रविवार असो की घरात मंगळागौर, मोठ्या रुग्णालयात जायचं. आणि एका डोळ्याची नजर गेली ती परत आलीच नाही, तर डोळे झाकून पडून राहण्यात एक मिनिटही घालवू नका.

आता दुसरी बाजू. डोळ्यांचे डॉक्टर पडदा पाहून “तुम्हाला अमुक साली हार्ट अॅटॅक येणार” असं सांगू शकत नाहीत. पडदा स्वच्छ असला म्हणजे हृदय ठणठणीत, असंही नाही. सुरुवातीच्या बारीक खुणांबद्दल दोन चांगल्या डॉक्टरांचंही दुमत होऊ शकतं. २०१८ मध्ये गूगलच्या शास्त्रज्ञांनी नुसत्या पडद्याच्या फोटोवरून माणसाचं वय, तो पुरुष की स्त्री, धूम्रपान करतो का, रक्तदाब साधारण किती, हे संगणकाला बऱ्यापैकी ओळखता येतं असं दाखवलं. कौतुक आहे खरं. पण तुमच्या-माझ्यासाठी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणं हे त्याहून सोपं, स्वस्त आणि भरवशाचं आहे.

तो मोजतानाही घाई नको. जिना चढून गेल्याबरोबर दंड पुढे करू नये. अर्धा तास आधी चहा नको, लघवी तुंबवून बसू नये. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसावं. हात छातीच्या पातळीवर टेकवलेला असावा आणि पट्टा ब्लाउजच्या घट्ट बाहीवर नको. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आकडा आला, तर रक्तदाब वाढलेला आहे असं समजतात. घरी यंत्र असेल तर तिथे १३५/८५ ही मर्यादा धरावी. मग डॉक्टर साधारणपणे लघवी, साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी रक्ताची तपासणी आणि हृदयाचा कार्डिओग्राम सांगतात. चिठ्ठी कुणाचीही असो, ती घेऊन तुम्ही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊ शकता. कमिशनची शंका असेल तर त्यावर हाच उतारा आहे.

मिठाबद्दल या पानावर मी इतक्यांदा लिहिलंय की आता तुम्हीच मला म्हणून दाखवाल. दिवसाला माणशी एक सपाट चमचा, पाच ग्रॅमच्या आत, आणि त्यात लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, फरसाण सगळं आलं.

मिरजेच्या बाईंचं दुसरं पत्र परवा आलं. त्या संध्याकाळी आकडा १७२/१०४ निघाला. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तरी १६८ च्या खाली येईना. त्यांच्या घरच्या डॉक्टरांनीच कार्डिओग्राम काढला. सतत जोर लावून हृदयाचा डावा कप्पा जरा जाड झाल्याची खूण त्यात दिसली. म्हणजे दोन-चार वर्षं तरी हे दुखणं घरात बिनभाड्याचं राहत असावं. गोळी सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, नियमानं घेतलीत तर हा जाडपणा कमीही होऊ शकतो. मिस्टर त्यानंतर कमिशनबद्दल काही बोललेले नाहीत. त्यांनी स्वतःचंही प्रेशर मोजून घेतलं, पण आकडा किती आला तो काही अजून घरात सांगितलेला नाही. सासूबाई रोज सकाळी सातला गोळी आणि पाण्याचा पेला पुढे आणून ठेवतात. पत्राच्या शेवटी बाई लिहितात, “ताई, या सगळ्या धांदलीत नंबराचा कागद कुठे ठेवला ते सापडत नाही. चष्मा करायचा राहिलाच आहे. हे पत्रसुद्धा मुलीकडून लिहून घेते आहे.”